ओल्या केसांची वेणी

पार्लर बंद करून बरीच वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. बसमध्ये पुढच्या सीटवर एखादी बाई बसली की माझी नजर आधी तिच्या वेणीच्या शेपटाकडे जाते. शेपूट पिंजारलेलं दिसलं की हात शिवशिवतात. एकदा ठाण्याला जाताना एका अनोळखी मुलीला मी मागून "अगं, ते रबर बदल" असं सांगून बसले. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मीच एक स्टॉप आधी उतरले.

या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे "लांब आणि नाजूक केसांची निगा" या विषयावर मजकूर मागितला. केस तुटू नयेत म्हणून काय करावं, तेवढं अनुभवातून सांगा, म्हणाल्या. मी हौसेने कागद घेऊन बसले आणि पहिल्या पानावरच माझ्याकडचं सगळं ज्ञान संपलं. उरला तो नुसता गोंधळ, आणि तो सगळा एकाच मुलीच्या केसांचा. बाईंना फोन करून विचारलं, गोंधळ चालेल का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, लिहा. तेव्हा ज्ञान आधी उरकून घेते.

केस गळणं वेगळं आणि तुटणं वेगळं. गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असतो, कारण तो मुळापासून आलेला असतो. तुटलेल्याला तो नसतो. गळण्याची कारणं शरीरात, ती डॉक्टरांनी बघायची. तुटण्याची कारणं मात्र घरात असतात. फणी, रबर, उशी, पाणी, घाई, यांतलंच काहीतरी. बारीक पोताचे केस दिसायला सुंदर, पण अंगात जोर नसतो. ते खालून वर सोडवत यावेत, वरून खाली ओढू नयेत. ओले असताना तर फणी लावूच नये, कारण ओला केस ताणला की लांबतो आणि आपल्याला वाटतं, वा, सरळ झाला. प्रत्यक्षात तो तुटायच्या बेतात असतो. संपलं. एवढ्यावर मी मुलुंडमध्ये पार्लर चालवलं.

पार्लर म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकची पुढची खोली. दादरला एका बाईंकडे कोर्स केला होता. दोन खुर्च्या, मोठा आरसा, डोक्यावर टोपासारखा बसणारा ड्रायर आणि दाराला जाड पडदा. पडद्याबाहेर पाटी, "फक्त महिलांसाठी". ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या भागात बाईने पार्लरमध्ये जाणं म्हणजे अजून जरा चोरटाच मामला होता. बायका भाजीची पिशवी घेऊन यायच्या, म्हणजे कोणी पाहिलं तर बाजारात चाललेय म्हणून सांगता यायचं. भुवया करून घेतल्या की वर कुंकू मोठं लावून जायच्या, नवऱ्याचं लक्ष तिकडे जावं म्हणून. एक मास्तरीणबाई दर मंगळवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवड्याचे गळलेले केस घालून आणायच्या आणि माझ्यापुढे ठेवायच्या. बोलायच्या काहीच नाहीत, नुसत्या बघायच्या. मी पण बघायचे. मग त्या पिशवी परत पर्समध्ये घालायच्या आणि हलक्या मनाने घरी जायच्या. त्यांचा मला उलगडा झाला नाही तो नाहीच, पण तो छोटा गोंधळ होता. मोठा गोंधळ शैलाचा.

शैला पहिल्यांदा आली ती एका रविवारी दुपारी. वीस-एकवीसची असेल. काटकुळी, सावळी, बोलण्यात अगदी तडफदार. पडदा सारून आत आली, स्टुलावर बसली, अंबाड्याच्या पिना काढल्या आणि वेणी सोडली. मी हातातली कात्री खाली ठेवली. खुर्चीवर दुसरी बाई अर्ध्या कापलेल्या केसांनी बसली होती, ती पण वळून बघायला लागली. केस गुडघ्याच्या खाली उतरत होते. इतके लांब केस मी पाहिले होते, पण इतके मऊ, बारीक आणि तरीही इतके लांब नव्हते पाहिले. असे केस सहसा कमरेपर्यंत पोहोचतानाच दम टाकतात.

"ताई, बघा ना, वाट लागलीये," ती म्हणाली.

जवळ घेऊन पाहिलं आणि खरंच चरकले. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत जागोजागी केस तुटून उभे राहिले होते. टोकांना ठिपका नाही. म्हणजे मुळं ठणठणीत, डोक्यावर भरपूर केस, आणि मधेच तुटत होते.

"लग्नबिग्न ठरलंय का?" मी विचारलं. केसांसाठी इतकी कासावीस झालेली मुलगी आली की पहिला अंदाज तोच.

"छे हो. आईसाठी," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

शैलाचे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली, तेव्हा तिथली खोली विकून ते मुलुंडला आले आणि वर्षाच्या आत एका संध्याकाळी रस्त्यात कोसळून गेले. त्या दिवसापासून तिची आई गप्प झाली. आजारी नाही, वेडी नाही. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, पण विचारलं तर हो किंवा नाही, बाकी तोंड बंद. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेऊन सकाळी उशिरापर्यंत निजायची. शैला पहिल्या पाळीला साकीनाक्याला जायची, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या एका छोट्या कारखान्यात. ती पॅकिंगला होती.

"आईचा जीव आता फक्त माझ्या केसांत आहे," शैला म्हणाली. "रोज वेणी तीच घालते. तेवढा वेळ ती माझी जुनी आई असते, ताई. बोलते. हे केस गेले ना, तर ती पुरतीच गप्प होईल. मला माहितीये."

माझ्याकडे गिऱ्हाइकं यायची ती सुंदर दिसायला. आई बोलती राहावी म्हणून केस वाचवा, असं सांगत कोणी आलं नव्हतं. मी जरा घाबरलेच, पण अंगात उत्साह असा संचारला की विचारू नका. म्हटलं, एवढंच ना? घरातलं कारण आहे, शोधून काढू.

पहिला संशय फणीवर. तिला घरातली फणी आणायला सांगितली. जुनी, शिंगाची, दात गुळगुळीत, माझ्याकडच्या कंगव्यांपेक्षा चांगली. ओले केस विंचरतेस का, विचारलं. "मी केसांना हातच लावत नाही," ती म्हणाली. "आईच सगळं करते. इतकं हळूच की मला झोप येते. खालून वर सोडवत जाते." म्हणजे माझा सगळा कोर्स त्या माऊलीला आधीच येत होता.

मग रबर. रबर नव्हतंच, आई सुती फीत बांधायची. मग कारखाना. तिथे पॉलिशची काळी भुकटी उडायची आणि केसांत जाऊन बसायची, त्यामुळे रोज डोक्यावरून अंघोळ करावी लागायची. मी म्हटलं, सापडलं! रोज धुतल्याने केस कोरडे होतात, रुमाल बांध आणि आठवड्यातून दोनदाच धू. तिने इमानेइतबारे रुमाल बांधला. भुकटी रुमालातूनही आत गेली. शेजारच्या बाईने विचारलं, शैला, तू कोळशाच्या वखारीत लागलीस का गं? पुन्हा रोजचं धुणं सुरू झालं. निदान साबण नको, शिकेकाई-रिठा लाव म्हटलं, तर ते आई आधीपासूनच उकळून देत होती.

उशीचा अभ्रा जाडाभरडा आहे का, हे बघितलं. माझी एक जुनी रेशमी साडी फाडून तिला अभ्रा शिवून दिला. आमचे हे म्हणाले, "आता माझा लग्नातला कोट फाडून गादीला खोळ शिव." मी लक्ष दिलं नाही. खोबरेल तेलात माका आणि जास्वंद कढवून बाटल्या भरून दिल्या. पाणी खारं आहे का, म्हणून तिच्या नळाचं पाणी मागवून स्वतः चाखलं. गोड होतं. प्रत्येक रविवारी ती यायची, मी आशेने वेणी सोडायचे, आणि पाठीच्या मध्यावर आणखी केस तुटून उभे. पावसाळ्यात तर फारच. एक गोष्ट तेव्हा हाताला लागत होती, पण डोक्यात शिरली नाही. वेणी सोडताना आतून गार लागायची आणि जरासा कुबट वास यायचा. मला वाटायचं, तेल जास्त होतंय. तेल कमी कर म्हटलं. तिने तेही केलं.

माझं डोकं चालेनासं झालं. इतर गिऱ्हाइकांशी बोलताना मी मधेच थांबायचे आणि शैलाच्या केसांचा विचार करायचे. एका बाईची एक भुवई चांगली झाली आणि दुसरी इतकी बारीक की ती आठवडाभर आश्चर्य वाटल्यासारखी दिसत होती. शेवटी ठरवलं, घरी जाऊन डोळ्यांनी बघायचं. तेलाची बाटली देण्याच्या निमित्ताने एका संध्याकाळी मी शैलाच्या चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेले.

आईने दार उघडलं. ठेंगणी, गोरीपान, स्वच्छ धुवट पातळ. मी म्हटलं, "वहिनी, मी पार्लरवाली. तेल आणलंय." त्यांनी मान हलवली आणि पाटाकडे बोट दाखवलं. मी बसले. त्यांच्याकडे पाणी संध्याकाळी यायचं. नळ नुकताच सुरू झाला होता, सगळ्या गॅलरीत बादल्यांचा खडखडाट. शैला कारखान्यातून येऊन न्हाणीत गेली होती. ती न्हाऊन आली, केसांचं एवढं मोठं बोचकं टॉवेलात. आईने ते टॉवेलने टिपून घेतले, अगदी मायेने, न चोळता. मग भिंतीशी दुसऱ्या पाटावर बसून शैलाला पुढ्यात घेतलं आणि फणी हातात घेतली. केसांतून अजून पाणी निथळत होतं.

आणि ती बाई बोलायला लागली.

"गो बाय, आज काय झाला म्हायती हा? ती कोळीण इली. म्हणता, वयनी, सरंगो घे, ताजो आसा. मी म्हटलंय, बाये, त्येचे डोळे बघ आधी, तुझ्यापेक्षा जास्त झोपलेलो दिसता!"

शैला खळखळून हसली. आई थांबेना. मग शेजारणीची तुळस का वाळली, खालच्या वाण्याने तांदळात कसली भेसळ केली, शैलाचे वडील एकदा गावच्या जत्रेत कसे हरवले होते आणि स्वतःच लाऊडस्पीकरवरून स्वतःचं नाव पुकारून आले. मी तर थक्क. दारात नुसती मान हलवणारी ती हीच का? हात चालू, तोंड चालू, चेहऱ्यावर रंग चढलेला. मधूनमधून ती खिडकीबाहेर उजेड बघायची आणि हात भराभर चालवायची. पेड घट्ट, अगदी दाबून घातलेले, म्हणजे दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुटायला नकोत. शेवटी फीत बांधली, उठली, देवापुढे दिवा लावला, हात जोडले. तिन्हीसांज झाली होती. आणि दिव्याबरोबर तोंड बंद. मी म्हटलं, "येते वहिनी." मान हलली, एवढंच.

इतके महिने मी फणी, रबर, पाणी, उशी सगळं विचारलं होतं. वेणी दिवसातून कधी घालते, हे विचारलं नव्हतं. हे सगळे केस ओलेच्या ओले, घट्ट वेणीत कोंबले जात होते. ओला केस ताणलेला असतो, वाळताना आखडतो. मोकळा असेल तर बिचारा आखडून गप्प बसतो. वेणीत बांधलेला असेल तर त्याला जागा नसते, आणि बारीक केस तिथेच तुटतो. एवढी लांब वेणी दमट हवेत दुसऱ्या दुपारपर्यंत आतून वाळायची नाही. तोच तो गारवा आणि तोच तो कुबट वास.

जिन्यात शैलाला सांगितलं. ती कठड्याला टेकली.

"आईला सांग, केस वाळेपर्यंत मोकळे ठेव आणि मग वेणी घाल," मी म्हटलं. "तास-दोन तासांचा तर प्रश्न."

"दिवेलागणीला केस मोकळे?" ती म्हणाली. "ताई, तुम्हाला नाही माहीत. बाबा गेले त्या संध्याकाळी आई न्हाऊन गॅलरीत केस वाळवत उभी होती. खालून चार माणसं बाबांना घेऊन आली, ते तिने तिथूनच पाहिलं. लक्ष्मीच्या वेळेला मी केस सोडून उभी राहिले म्हणून झालं, असं तिच्या डोक्यात बसलंय. एकदाच बोलली, नंतर कधी नाही. तेव्हापासून दिव्याच्या आत वेणी झालीच पाहिजे."

मी म्हटलं, सकाळी वेणी घालू दे. सकाळी शैला निघायची तेव्हा आई गोळीच्या गुंगीत असायची. पाणी सकाळी यायचं नाही. नोकरी सोडायची म्हणाल तर घर त्यावर चालत होतं. रोजचं धुणं टळत नव्हतं. माझ्या ड्रायरखाली एवढ्या लांब केसांची नुसती मुळं वाळली असती. जिन्यात उभ्या उभ्या आम्ही सगळ्या वाटा चाचपल्या आणि प्रत्येक वाट बंद.

"मी तिला काही सांगणार नाही," शैला शेवटी म्हणाली. "तुम्ही पण नका सांगू हां, प्लीज. तुझ्या हातांनी माझे केस तुटतात, हे मी आईला कसं सांगू?"

मी कबूल केलं. आणि तिथून माझा खरा गोंधळ सुरू झाला. तोपर्यंत मला निदान एवढं ठाऊक होतं की केस तुटणं वाईट आणि ते थांबवणं माझं काम. आता केस तुटत होते त्याच अर्ध्या-पाऊण तासात एक बाई माणसांत येत होती. मी कोणाच्या बाजूची? दर रविवारी शैला यायची, मी टोकं नीट करून द्यायचे, तेल द्यायचे आणि खरं बोलत नसल्याचं ओझं घेऊन बसायचे. ते तेल निरुपयोगी आहे हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी ती बाटली न्यायची. वेणी दर महिन्याला बारीक होत चालली. कधी वाटायचं, सरळ जावं आणि वहिनींना सांगावं. कधी वाटायचं, केस काय, परत येतील, बोलणं परत येईल का?

मग एके दिवशी, रविवार नसताना, कामावरून थेट शैला आली. पर्स खुर्चीवर टाकली आणि रडायलाच लागली. मी गिऱ्हाइकाला थोडं थांबायला सांगून तिला आतल्या खोलीत नेलं.

"काल आईने मांडीवर पडलेले तुकडे गोळा केले," ती म्हणाली. "मूठभर होते. किती वेळ बघत बसली. मग म्हणाली, माझ्याच हातांक काय तरी झालाहा. उद्यापास्न मी तुझ्या केसांक हात लावचंय नाय. ताई, ती बोलायचीच बंद होणार. आज मी घरी गेले की ती पाटावर बसणार नाही."

शैलाने सगळं ठरवून आणलं होतं.

"कापा," ती म्हणाली. "खांद्यापर्यंत. छोटे असले की दिव्याच्या आत वाळतील. मग तुटणार नाहीत. आई म्हणेल, हात बरे झाले माझे."

"अगं, पण खांद्याएवढ्या केसांची वेणी किती वेळ चालणार? दोन मिनिटं? आणि ती बोलते ती वेणी घालताना ना?"

"मग काय करू? सांगा ना, काय करू?"

मी तिला पुन्हा विचारलं, पुन्हा एकदा विचारलं. ती प्रत्येक वेळी "कापा" म्हणाली. आमच्या धंद्यात लांब केस कापायच्या आधी बाईला विचार करायला पाठवून द्यायचा रिवाज आहे. निदान मी तो पाळायचे, कारण कापल्यावर रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण हिच्याकडे वेळ कुठे होता? मी घट्ट वेणी घातली, वर आणि खाली दोरा बांधला आणि वरच्या दोऱ्याच्या वरून कात्री चालवली. इतकी बारीक झालेली वेणी, तरी कात्रीला जड गेली. वेणी वर्तमानपत्रात गुंडाळली, आईला हवी असेल तर द्यावी म्हणून. शैलाने आरशात पाहिलं नाही. "तुम्ही चला माझ्याबरोबर," एवढंच म्हणाली. पडद्याबाहेर "आज बंद" लिहिलं, थांबलेल्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि निघाले.

दार वहिनींनीच उघडलं. शैलाकडे पाहिलं. खांद्यावर मोकळे केस, मागे काही नाही. मला वाटलं, आता बाई ओरडेल, रडेल, मला शिव्या घालेल. त्यातलं एकही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या बाजूला झाल्या आणि आत जाऊन नळाखाली बादली लावली.

शैला न्हाऊन आली. टॉवेलने दोनदा पुसले, गॅलरीत वाऱ्यावर उभी राहिली, आणि उजेड असतानाच केस कोरडे झाले. ती येऊन मुकाट्याने पाटापुढे पाठ करून बसली. आई उभीच. कितीतरी वेळ उभीच. मग बसली. फणी फिरवली, एका झटक्यात टोकापर्यंत आली. हात हवेत थांबले, पुढे केसच नव्हते. फणीत बघितलं, एकही तुकडा नव्हता. तिने तीन पेड केले.

"आज ती कोळीण..." आई म्हणाली, आणि तेवढ्यात वेणी संपली.

फीत बांधली. हात मांडीवर ठेवले. वाक्य तिथेच राहिलं. शैलाने डोळे मिटून घेतले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, वाटोळं झालं सगळं. आई उठली, देवापुढे गेली, दिवा लावला, हात जोडले. बाहेर अंधारून आलं होतं. मी चपला घालायला वाकले.

तर आई परत येऊन शैलाच्या मागे बसली होती. तिने फितीची गाठ सोडली. मग तिन्ही पेड बोटांनी उकलले आणि केस खांद्यांवर मोकळे केले. दिवा समोर जळत होता.

शैला दचकली. "आई, अगं, दिवा लागलाय!"

"लागांदे," आई म्हणाली. "माझा बोलणा संपाक नाय अजून. तर ती कोळीण काय म्हणता..."

आणि तिने वेणी पहिल्यापासून घालायला घेतली. संपली की सोडली. पुन्हा घातली. कोळणीचं झालं, वाण्याचं झालं, मग कोणाच्या तरी मुंजीत वडिलांनी आचाऱ्याशी घातलेला वाद सुरू झाला. मी एका पायात चप्पल घालून तशीच उभी. हसावं की रडावं, कळेना. ज्या नियमाला आम्ही दोघी इतके महिने टरकून होतो, ज्याच्यासाठी गुडघ्याखाली पोहोचणारे केस कापून माझ्या पिशवीत पडले होते, तो तिने कोळणीच्या एका गोष्टीसाठी उचलून बाजूला ठेवला होता.

शैलाच्याही ते लक्षात आलं असावं. तिने मान वळवायचा प्रयत्न केला, आईने डोकं धरून सरळ केलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "म्हणजे दिवा लागल्यावर केस मोकळे राहिले असते तरी तुला चाललं असतं?"



"माका कोणी इचारल्यान?" आई म्हणाली, आणि वेणी पुन्हा सोडली.